लांडग्याची षष्ठी

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता वार्ता विभागातला फोन वाजला. वनखात्यातून बोलत होते. त्यांना एकच माहिती हवी होती : लांडगा कोणी मारला?

लांडगा कोणीही मारला नव्हता. आदल्या पहाटे शहराच्या वेशीबाहेर मेंढवाड्यात एक लांडगा शिरला, त्याने एक मेंढी मारली, निम्मी खाल्ली आणि तो आल्या वाटेने निघून गेला. बातमी चार ओळींची होती आणि चारही ओळी बरोबर होत्या. वर मथळा होता : ‘वेशीवर लांडग्याची शिकार’.

वनखात्याच्या माणसाने बातमी वाचली नव्हती, मथळा वाचला होता. मथळे त्यासाठीच असतात.

पाठोपाठ एका व्यायामशाळेचा फोन आला. त्यांना शिकाऱ्याचा जाहीर सत्कार करायचा होता आणि प्रमाणपत्रावर घालायला नाव हवे होते. मग एका निवृत्त शिक्षिकेचा आला. त्या रडत होत्या. लांडग्याची पिल्ले किती आहेत आणि आता त्यांचे कोण पाहते, असे त्यांनी विचारले. मेंढीची चौकशी कोणीच केली नाही.

ते पान बाईंच्या नजरेखालून गेले होते.

बाई या दैनिकात प्रुफे वाचतात. त्यांना नाव आहे, पण ते पगारपत्रकाबाहेर कोणी वापरत नाही. दोन संपादक आले नि गेले, छपाईची यंत्रे बदलली, खुर्च्या बदलल्या. बाई आणि त्यांचे लाल पेन तेवढे तिथेच राहिले. त्यांच्या हातून चूक सुटत नाही अशी ख्याती होती. त्यांना आलेल्या लग्नपत्रिकेतली चूक त्यांनी लाल करून परत पाठवली होती, असेही सांगतात. बाईंनी याचा इन्कार केलेला नाही.

येत्या शनिवारी बाई निवृत्त होणार होत्या आणि रविवारच्या गाडीने धाकट्या भावाच्या गावी कायमच्या राहायला जाणार होत्या. भावाने मागची खोली रंगवून घेतली होती. कोणता रंग, हे भावजयीने बाईंना विचारले नव्हते.

बाईंनी जाऊ नये असे कार्यालयात एका माणसाला फार वाटत होते. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. फक्त बाईंना ती अधिकृतपणे कळवण्यात आली नव्हती.

तो माणूस पाचव्या पानावर रोज एक लहानशी चौकट लिहितो. एखादा शब्द घ्यायचा आणि त्याचे मूळ शोधायचे, हे त्याचे काम. त्यामुळे कार्यालयाने त्याचे नाव ‘मूळव्याध’ ठेवले. हे त्याच्या कानावर गेले तेव्हा त्याने शांतपणे फोड करून दाखवली : मूळ अधिक व्याध, व्याध म्हणजे शिकारी, म्हणून मुळांची शिकार करणारा. मला मान्य आहे, असेही तो म्हणाला. नाव ठेवणारे हिरमुसले. चेष्टा सोसणाऱ्याला कोण छळणार? पुढे पहिला अर्धा शब्द गळाला आणि ते नुसते ‘व्याध’ झाले.

सव्वादहाच्या फोननंतर बाईंनी खुर्ची मागे सरकवली आणि त्या संपादकांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

“खुलासा छापा. माझ्या नावानं छापा. चूक माझी आहे.”

“बाई, नावानं कुठं छापतात का?” संपादक म्हणाले. “आणि जाताजाता हे कशाला?”

“जाताजाताच. नंतर कोण विचारतंय?”

व्याध दोन टेबले सोडून बसतात. ते उठून आले. “ही चूक नाहीच,” ते म्हणाले.

“नाही कशी? लांडगा जिवंत आहे.”

“लांडगा जिवंत आहे आणि मथळाही बरोबर आहे. लांडग्यानं केलेली शिकार तीही लांडग्याचीच शिकार आणि कोणी लांडग्याला मारलं तर तीही लांडग्याचीच शिकार. षष्ठी विभक्ती आहे ती, दोन्हीकडून चालते. ‘आईची आठवण’ म्हणा. आईला आलेली, की आपल्याला आलेली?”

“आठवणीत कोणी मरत नाही,” बाई म्हणाल्या.

“‘डॉक्टरांची तपासणी’ घ्या मग.”

“त्यात मरतात,” संपादक म्हणाले आणि स्वतःच हसले.

पाने लावणारी मुलगी संगणकापाशी होती. मजकूर जास्त झाला की ती काटते, म्हणून तिला कात्री म्हणतात. जिभेमुळेही म्हणतात. व्याधांना ती काका म्हणते. तिने मान न वळवता विचारले, “आणि ‘काकांची शिकार’ म्हटलं तर? त्यात कोण कोणाची करतंय?”

बाईंनी पेनाचे टोपण लावले, काढले, पुन्हा लावले.

“तू तुझी पानं लाव,” व्याध म्हणाले.

संपादकांनी निर्णय दिला. खुलासा नाही, दिलगिरी नाही. उद्याच्या चौकटीत व्याधांनी ‘शिकार’ हाच शब्द घ्यावा, त्यात षष्ठीची गंमत सांगावी, म्हणजे लांडगाही सुटेल आणि बाईही. मजकूर संध्याकाळी पाचपर्यंत.

“मी सुटायला काही अडकलेली नाही,” बाई म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

जेवायला निघालेल्या व्याधांना कात्रीने दारात गाठले. शनिवारच्या कार्यक्रमाची सूचना फलकावर लावायची होती. “दोन चांगल्या ओळी सांगा ना, काका. तुमचे शब्द म्हणजे कसे, धुवून वाळवून ठेवलेले असतात.”

व्याधांनी भिंतीकडे पाहत सांगितले. “‘बाईंचा निरोप. शनिवार, दुपारी चार.’”

“एवढंच? इतक्या वर्षांचे एवढेच दोन शब्द?”

“एवढंच लिही.”

तिने एवढेच लिहिले, जाड अक्षरात छापले आणि चार टाचण्यांनी फलकावर लावले.

व्याधांचे घर कार्यालयामागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, एक गॅलरी, आणि भिंतीला लागून कोशांची कपाटे. त्यांतल्या एका कपाटामुळे खिडकी निम्मीच उघडते. थोरली बहीण त्यांच्याबरोबर राहते. तिला ते अक्का म्हणतात. अक्काला कोश आवडत नाहीत, पण ती ते पुसते. कारण तिच्या मते वाचण्यापेक्षा पुसणे जास्त उपयोगाचे.

“एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का केलंयस?” ताट वाढता वाढता अक्काने विचारले.

“बाईंच्या हातून चूक झाली.”

“कोणती? तुझ्याकडे बघायला लागल्या?”

व्याधांनी लांडग्याची हकिगत सांगितली. अक्काने ती पुरी ऐकली. मेंढीचे ऐकून ‘अरेरे’ म्हणाली. दिवसभरात मेंढीच्या वाट्याला आलेले हे पहिले अरेरे होते.

“त्या शनिवारी जातात ना?”

“रविवारी. शनिवारी निरोप.”

“मग?”

“मग काय?”

“रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही म्हणतात. तू तर धड हसतही नाहीस. अरे, तोंडानं मागावं लागतं माणसानं.”

“काय मागू?”

“मीठ माग!” अक्काने वाटी आपटली. “इतकी पुस्तकं धुंडाळलीस, मागणी घालणं म्हणतात ते कुठल्या पानावर दिसलं नाही तुला?”

व्याधांचा घास हातातच राहिला. “अक्का, मागणी हा शब्द कुठून आला, ठाऊक आहे?”

“माहेराहून आला असेल. आधी जेव.”

पण ते उठले होते. डाव्या हाताने त्यांनी एक कोश काढला, मग दुसरा, मग खिडकी अडवणाऱ्या कपाटातून बाहेर डोकावणारा तिसरा. तो काढताच खिडकी आणखी चार बोटे उघडली. अक्काने अर्ध्यावर टाकलेल्या ताटाकडे पाहिले, मग भावाकडे. “शब्द सापडतो याला,” ती गॅलरीतल्या कुंड्यांना म्हणाली, “बाई नाही सापडत.”

पाचच्या आधी मजकूर आला आणि त्याचे प्रूफ निघाले.

इथे या दोघांच्या कामाची एक पद्धत सांगायला हवी. प्रूफ दोघांनी वाचायचे असते. एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचतो, विरामचिन्हांसकट. दुसरा छापलेल्या पानावर पेन फिरवत ऐकतो. सगळीकडे ही पद्धत केव्हाच बंद पडली. या कार्यालयातही पडली, फक्त पाचव्या पानाच्या चौकटीसाठी चालू राहिली. व्याध आपला मजकूर स्वतः वाचतात आणि बाई ऐकतात. एवढ्याशा चौकटीला या प्रकाराची गरज काय, असे संपादकांनी एकदा विचारले होते. अचूकतेसाठी, असे दोघांनी एकाच वेळी उत्तर दिले. संपादकांनी पुन्हा विचारले नाही.

व्याध बाईंच्या टेबलासमोर बसले आणि वाचू लागले.

“‘शिकार’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला पूर्णविराम. तो येण्याआधी आपण शिकार करत नव्हतो असे नाही स्वल्पविराम तेव्हा तिला मृगया म्हणत पूर्णविराम.”

“म्हणत. पुढे.”

“मृग म्हणजे हरीण हे नंतरचे पूर्णविराम. आधी मृग म्हणजे कोणतेही रानातले जनावर स्वल्पविराम कारण मृग् या धातूचा अर्थच मुळी शोधणे स्वल्पविराम पाठीवर असणे पूर्णविराम.”

बाईंचे पेन थांबले. “मारणं नाही?”

“धातूत मारणं नाही. नुसतं शोधणं आहे.”

“म्हणजे शिकार न करताही शिकारी राहता येतं.”

“येतं.”

“बरीच वर्षं,” बाई म्हणाल्या. “पुढे.”

व्याधांनी घसा साफ केला. “श्वापद म्हणजे शिकार करणारे पूर्णविराम. हाच शब्द झिजत झिजत सावज झाला स्वल्पविराम आणि सावज म्हणजे ज्याची शिकार होते ते पूर्णविराम.”

“हे कसं काय?”

“झिजलं. बोलता बोलता शिकारी सावज झाला.”

“आणि कोणाच्या लक्षात आलं नाही?”

“श्वापदाच्याही नाही.”

कात्रीच्या संगणकामागून एक आवाज आला. तो खोकला होता, असे तिने नंतर सांगितले.

मग षष्ठीचा परिच्छेद झाला. त्यात लांडगा, मेंढी आणि आईची आठवण होती. डॉक्टर संपादकांनी काढले होते. बाईंनी एक वेलांटी दीर्घ केली आणि एक अनुस्वार दिला. व्याध शेवटच्या परिच्छेदाशी आले आणि त्यांचा आवाज उतरला.

“जनावराच्या जाण्यायेण्याने पडलेली वाट तो मार्ग स्वल्पविराम असे जाणकार सांगतात पूर्णविराम. मार्गाचा झाला माग पूर्णविराम. मागणे हेही त्याच कुळातले स्वल्पविराम कारण मागणे म्हणजे मुळात शोधणे पूर्णविराम. मागणेवरून मागणी पूर्णविराम. मालाला बाजारात मागणी असते पूर्णविराम.”

बाईंचे पेन पानाच्या तळाशी पोचले. चौकट तिथे संपत होती. व्याध थांबले नाहीत.

“मागणी घालणे हा वाक्प्रचारही त्यातलाच पूर्णविराम. तो फक्त तरुणांनी वापरावा असे एकाही कोशात म्हटलेले नाही पूर्णविराम.”

“हे माझ्या पानावर नाही,” बाई म्हणाल्या.

“मूळ प्रतीतही नाही.”

“मग वाचताय कुठून?”

व्याधांनी हातातला कागद टेबलावर पालथा ठेवला. “बाई स्वल्पविराम,” ते म्हणाले, “तुम्ही जाऊ नका.”

बाईंनी वाट पाहिली. “पुढे?”

“पुढे पूर्णविराम द्यावा की प्रश्नचिन्ह, ते ठरत नाही.”

“अहो, आधी वाक्य तर पुरं करा, चिन्ह मी बघते.”

बाईंनी व्याधांना याआधी ‘अहो’ म्हटल्याची कार्यालयात नोंद नाही. त्या त्यांना व्याध म्हणतात, चिडल्या तर ‘मूळव्याध’ असे पुरे म्हणतात. शब्द निघून गेल्यावर तो दोघांच्याही लक्षात आला. बाईंनी चष्मा काढला आणि आधीच स्वच्छ असलेली काच पुसली.

“पान सोडायचंय!” कात्री ओरडली. “काका, चौकट झाली का? बाई, सही!”

बाईंनी चष्मा घातला, प्रुफावर सही केली, वेळ घातली. मग त्या हळू पण स्पष्ट बोलल्या. “छापायच्या मजकुरात चूक नाही. न छापायच्या मजकुराविषयी म्हणाल, तर काल रात्री मी एक दुहेरी अर्थाचं वाक्य सोडलं आणि आज तासाभरात एका जिवंत लांडग्याला पोरकी पिल्लं झाली. दुसरं सोडणार नाही. ‘जाऊ नका’ म्हणजे काय? नोकरी सोडून जाऊ नका? गाव सोडून? की आत्ता या टेबलावरून? आणि नाही गेले, तर राहू कुठं? भावानं तिकडं खोली रंगवलीय.”

“कोणत्या रंगाची?”

“पिस्त्यासारखी हिरवी.” बाईंनी तोंड वाकडे केले. “विषय बदलू नका. एक अर्थ निघेल असं लिहून द्या. मी वाचीन.”

व्याध जागेवर परतले. कोरा कागद घेऊन ते बराच वेळ बसले होते. कागदावर काय आले याची खात्री करता आली नाही. कात्रीने जाताना पाहिले तेव्हा त्यावर एकच शब्द होता आणि त्याच्याखाली त्याची व्युत्पत्ती.

घरी अक्काने विचारले, “मागितलंस?”

“मागितलं. वाक्य संदिग्ध झालं.”

अक्का कपाळावर हात मारून आत गेली. आतून तिने सांगितले की खिडकीचे कपाट रिकामे केले तर या घरात तिसऱ्या माणसाच्या साड्या मावतील. कोश पलंगाखाली जातील आणि तिथे ते पुसायला ती समर्थ आहे. तिसरा कोश व्याधांनी परत कपाटात ठेवला नाही.

बुधवारी चौकट छापून आली. वनखात्याने फोन करून समाधान कळवले आणि फायलीसाठी मेंढीच्या मालकाचे नाव घेतले. निवृत्त शिक्षिकेने संपादकांना आशीर्वाद दिले. व्यायामशाळेने सत्कार रद्द केला नाही. प्रमाणपत्र छापून झाले होते, त्यांना आता कोणाचेही नाव चालणार होते.

दहा वाजून गेल्यावर कात्रीने आरोळी ठोकली. ती फलकासमोर उभी होती. ‘बाईंचा निरोप. शनिवार, दुपारी चार’ या सूचनेतल्या ‘निरोप’ शब्दाभोवती लाल वर्तुळ काढलेले होते. कागदाच्या समासात, प्रूफ वाचणारे करतात तशी, बारीक अक्षरात पृच्छा होती. तिने ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली :

“‘अर्थ दोन. घ्यायचा निरोप, की धाडायचा? धाडायचा असल्यास कोणाला? लेखकास विचारावे.’”

“लेखक कोण?” संपादकांनी केबिनमधून विचारले. त्यांना उत्तर माहीत होते.

“मी नाही हो. मी फक्त टाचण्या लावल्या,” कात्री म्हणाली. “मजकूर काकांचा.”

बाई आपल्या टेबलाशी होत्या. त्यांच्यापुढे पहिले पान होते. ते वाचायला त्यांना एरवी जेवढा वेळ लागतो तेवढा केव्हाच होऊन गेला होता आणि पानावर लाल खूण एकही नव्हती. एका खुणेची जागा तिथे आहे, असे कात्रीचे म्हणणे. मथळ्यातच आहे. ‘मुख्याध्यापिकांची निवड’ असे तिथे छापलेले होते.

व्याध उठले. फलकापाशी गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पृच्छा जवळून वाचली, मग चष्मा खाली घेऊन पुन्हा वाचली. “लाल पेन आहे का कोणाकडे?” त्यांनी विचारले. कार्यालयात लाल पेन एकाच टेबलावर असते. कात्रीने ते बाईंकडून आणून दिले. बाईंनी ते मान वर न करता दिले, पण टोपण काढून दिले.

हे लिहीपर्यंत व्याध फलकासमोर उभे आहेत. त्यांनी ‘निरोप’ शब्द खोडलेला आहे. त्याच्या जागी अजून काही लिहिलेले नाही. शनिवार, दुपारी चार, ही वेळ त्यांनी तशीच ठेवली आहे.